गॉथिकमध्ये कोण चूक काढणार?

मीटरकाकांनी गॉथिक भाषा निवडली ती तिच्या एकाच गुणावर भाळून. ती बोलणारा एकही माणूस जिवंत नव्हता.

आता हा काय गुण झाला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. तुमचा संसार बाईंशी झालेला नाही.

बाई म्हणजे काकांची बायको. जन्म सगळा प्राथमिक शाळेत गेला, त्यामुळे विद्यार्थी त्यांना बाई म्हणत, विद्यार्थ्यांचे आईबाप बाई म्हणत, दूधवाला बाई म्हणे, आणि केव्हा कसं झालं कोण जाणे, नवराही बाईच म्हणायला लागला. निवृत्त झाल्यावर बाईंची शाळा सुटली, तांबडी पेन्सिल काही सुटली नाही. सकाळचं वर्तमानपत्र आधी बाई तपासायच्या, मग ते काकांच्या हाती पडायचं. दुकानांच्या पाट्या, आमंत्रणपत्रिका, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, कुणाची म्हणून गय नाही. लग्न ठरल्यावर काकांनी मोठ्या हिमतीने एक प्रेमपत्र धाडलं होतं. ते उलट टपाली परत आलं, जागोजाग तांबड्या खुणा केलेलं, आणि खाली शेरा: 'आशय चांगला. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' काकांनी त्यानंतर पत्र म्हणून लिहिलं नाही. सरळ लग्न केलं.

काका स्वतः पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होते. लोकांच्या मीटरांतल्या चुका काढण्यात नोकरी गेली आणि घरी आल्यावर स्वतःच्या चुका काढून घेण्यात उरलेला वेळ. तशी तक्रार नव्हती हो. चहा मागताना वाक्य चुकलं तरी चहा मिळायचा, फक्त आधी वाक्य दुरुस्त व्हायचं आणि मग चहा यायचा. पण माणसाला चुकायला जगात एखादी तरी जागा हवी की नको?

अर्थात हे झालं वरवरचं. भाषा शिकायचं खूळ मुळात डोक्यात का शिरलं, ते काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं, की बाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या आणायला काका औषधांच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने पाकीट भरता भरता विचारलं, "कुणाच्या नावावर?" काकांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. नाव येईना. आडनाव आलं, घरचा पत्ता आला, कधीकाळी तपासलेल्या मीटरांचे नंबरसुद्धा आले, पण बायकोचं नाव म्हणून जिथे हात घालावा तिथे नुसती मोकळी खुंटी. मागे रांग खोळंबली. शेवटी काका म्हणाले, "बाई." दुकानदाराने पाकिटावर 'बाई' लिहिलं आणि गोळ्या दिल्या. नाव आठवलं ते घरचा जिना चढताना, आपणहून, काही झालंच नाही अशा थाटात.

तसं पाहिलं तर हसण्यावारी न्यायची गोष्ट. जे नाव वर्षानुवर्षं कधी घेतलं नाही, ते वेळेवर सापडायचं कसं? दुसरा कुणी असता तर घरी येऊन बायकोला सांगून खो खो हसला असता. पण काकांना दादा आठवले.

दादा म्हणजे थोरले भाऊ. त्यांचंही असंच एका नावापासून सुरू झालं होतं. मग एकदा जेवताना दादा म्हणाले, "आई बाजारात गेलीय, येईलच एवढ्यात." आईला जाऊन एक जमाना झाला होता. दादांच्या सुनेने मान खाली घालून म्हटलं, "हो, येतील." मुलगा म्हणाला, "येईल." आणि काकाही म्हणाले, "हो दादा, येईल." लहानपणी पाढा चुकला की डोक्यात टपली मारणारा हा भाऊ, आणि त्याची एवढी मोठी चूक कुणी काढली नाही. त्या दिवसापासून दादांकडे जायचं म्हटलं की काकांना नेमकं काहीतरी काम निघायचं.

तर काका गुपचूप डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि डॉक्टर जे नेहमी म्हणतात ते म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम आहे. डोकं वापरत राहा. काहीतरी नवीन शिका, एखादी भाषा वगैरे."

आळीच्या टोकाला सार्वजनिक वाचनालय आहे. तिथले ग्रंथपाल उन्हाळ्यातही गळ्याला मफलर गुंडाळतात, म्हणून त्यांना मफलरवाले म्हणायचं. काकांनी भाषांचं कपाट पालथं घातलं. फ्रेंच नको, वरच्या मजल्यावरच्या विमेवाल्यांच्या मुलीला येते. जर्मन नको, शब्दकोश घरात आहे आणि बाईंचा हात सहज पोचेल एवढ्या फळीवर आहे. जिवंत भाषेचा धोका हाच, की ती कुणा ना कुणाला येते. शेवटी तळच्या फळीवर, धुळीत, एक जाड पुस्तक सापडलं: गॉथिक भाषेचं प्राथमिक व्याकरण.

"ही कुठे बोलतात हो?"

मफलरवाल्यांनी प्रस्तावना चाळली. "कुठेच नाही. शेकडो वर्षांपूर्वी संपली."

"म्हणजे बोलणारं कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"आणि चुकलं तर सांगणारं?"

"अहो काका, ज्यांना सांगता आलं असतं ते सगळे गेले."

काकांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की मफलरवाले दोन क्षण बघतच राहिले. "हेच द्या," काका म्हणाले.

पण देता येईना. मफलरवाल्यांनी नोंदवहीत बोट फिरवलं आणि मान हलवली. "हे पुस्तक हरवलेलं आहे."

"अहो, हे काय माझ्या हातात!"

"हातात असेल. नोंदीत हरवलेलं आहे. हरवलेलं पुस्तक घरी कसं देणार?"

"मग सापडलं असं लिहा."

"सापडलं लिहायला आधी हरवल्याची तक्रार लागते. ती कुणी केलेलीच नाही."

"तुम्ही म्हणता हरवलंय, मी म्हणतो सापडलंय. तक्रार कसली करू?"

"तेच तर," मफलरवाले सहानुभूतीने म्हणाले. काकांनीही सरकारी नोकरी केलेली. समोरचा अडवत नाहीये, तोही अडकलाय, हे त्यांना कळलं. तडजोड अशी ठरली की पुस्तक वाचनालयातच, खिडकीजवळच्या टेबलावर बसून वाचायचं. आणि इथूनच सगळं बिनसलं. पुस्तक घरी आलं असतं तर काका घरात वेडे ठरले असते. आता ते गावभर ठरणार होते.

बाईंना सांगितलं, "फिरायला जातो." रोज दुपारी काका वाचनालयात जाऊन बसू लागले. गॉथिकने पहिल्याच दिवशी त्यांना इंगा दाखवला. एक अक्षर असं, की काठीला मधोमध पोट सुटलेलं. त्याचा उच्चार 'थ'. नामांना तीन लिंगं, वर विभक्ती. शाळेत विभक्तीच्या तासाला काका खिडकीतून बाहेर बघत बसायचे. ती विभक्ती एवढी वर्षं दबा धरून बसली होती, आता तिने गाठलं. पण एक मोठं सुख होतं. काका चुकायचे, मनसोक्त चुकायचे, आणि कुणी काही म्हणायचं नाही. कुणाच्याही नजरेला न पडता एकदा चुकून बघा, अंगावरचं ओझं उतरतं.

मोठ्याने म्हटल्याशिवाय पाठ होत नाही हा शाळेपासूनचा अनुभव. वाचनालयात बोलायची बंदी. म्हणून काका घरी येताना आपल्या इमारतीमागच्या बागेत बाकावर बसून उजळणी करायचे. "इक इम, मी आहे. थू इस, तू आहेस." त्या 'थू'वर त्यांचा फार जोर, कारण पोटवालं अक्षर नीट यायला हवं. एकदा ते "थू! थू!" असं घोटत असताना नेमक्या सोसायटीच्या चेअरमनबाई नवीन साडी नेसून समोरून गेल्या. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: 'आवारात थूंकु नये.' बाईंनी ती जाता-येता दोनदा वाचली, तिसऱ्यांदा पेन्सिल काढून ऱ्हस्व-दीर्घ सरळ केले आणि घरी येऊन म्हणाल्या, "कोण कुठला असंस्कृत माणूस राहायला आलाय कुणास ठाऊक." काकांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं.

मग लोकांच्या जिभा सैल सुटल्या. काका बाकावर एकटेच पुटपुटतात. बोटं मोजतात. मध्येच हसतात. (हसायचे खरे. गॉथिकमध्ये मुलाला 'सुनुस' म्हणतात, म्हणजे थेट आपल्या संस्कृतातला 'सूनु', हे कळलं तेव्हा, दूरचा नातलग अवचित भेटावा तसा त्यांना आनंद झाला होता.) विमेवाल्यांनी त्यांना जिन्यात गाठलं. काकांनी कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून खरं काय ते सांगितलं. विमेवाल्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"काका, शिकायचीच तर जिवंत भाषा शिका. मेलेल्या भाषेत गुंतवणूक करून हाती काय येणार?"

"मला हातात काही नकोय."

"असं कसं? परदेशी निघालाय का? प्रवासाची पॉलिसी काढून ठेवू?"

संध्याकाळपर्यंत आळीला कळलं की काका परदेशी चाललेत, पण कुठे ते त्यांना स्वतःलाच आठवत नाही. तळमजल्याच्या शिवणवाल्या ताईंनी कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. चेअरमनबाईंच्या यजमानांनी शब्दकोडी सोडवायला दिली, तीही अर्धवट सोडवलेली. राईचा पर्वत व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही, राई मात्र कुणीतरी पुरवावी लागते. ती काकांनी त्याच आठवड्यात पुरवली.

मुलाचा फोन आला. तो नोकरीपायी दुसऱ्या शहरात. काकांच्या तोंडात त्या दिवशी तोच धडा घोळत होता. आनंदाच्या भरात ते म्हणाले, "काय सुनुस, कसा आहेस?"

"बाबा, मी बोलतोय."

"हो हो, तूच! सुनुस!"

"बाबा... आईला जरा फोन द्या."

रविवारी मुलगा आणि सूनबाई न कळवता हजर झाले, तेही फळं घेऊन. स्वतःच्या घरी फळं घेऊन आलेला मुलगा बघितला की माणसाने ओळखावं, आपण आता पेशंट झालो. सूनबाई सारखी म्हणे, "बाबा, तुम्ही बसा, मी आणते." मुलगा मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, जणू काकांच्या कानातही बिघाड होता. आणि सोमवारी सगळ्यांची वरात डॉक्टरांकडे निघाली.

डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. काकांनी सगळं बरोबर सांगितलं, पण एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सूनबाई, समोर बाई, सगळ्यांच्या नजरा तोंडावर. मीटर तपासायला गेल्यावर ज्यांच्याकडे चोरी सापडायची ती माणसं अशीच घामाघूम व्हायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "छान. आता सावकाश दहापर्यंत आकडे म्हणा, झालं."

दहापर्यंत आकडे! अपमानच होता तो. काकांनी डोळे मिटले, मन शांत केलं, आणि महिनाभर घोटलेलं तोंडातून आपोआप बाहेर आलं.

"आइन्स, त्वाइ, थ्रीस, फिदवोर, फिम्फ, सिबुन, आख्ताउ, निउन, तेहुन."

डोळे उघडले तेव्हा सूनबाईने पदर तोंडाला लावला होता आणि मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. डॉक्टरांचं पेन हवेत. बाईंनी मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून बोटं मिटलेली होती, आणि त्या बोटांकडे बघत होत्या.

"गॉथिक आहे ते," काका म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं, भाषा शिका म्हणून! वाचनालयात शिकतोय."

"मी म्हणालो होतो?" डॉक्टर म्हणाले. "अहो काका, मला वाटलं फ्रेंच-बिंच."

आता खुलासा झाला म्हणजे प्रकरण मिटायला हवं होतं. पण 'तुम्हीच सांगितलं होतं' या तीन शब्दांनी काकांची आधीची गुपचूप भेट उघडी पडली. डॉक्टरांनी काकांना बाहेर बसवलं आणि बाईंशी आत बराच वेळ बोलले. बाहेर आल्या तेव्हा बाईंचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा. घरी येताना वाटेत 'येथे सर्व प्रकारचे केक्स् व बिस्कीटे मिळेल' अशी भलीमोठी पाटी लागली. बाई तिच्याखालून सरळ चालत गेल्या.

मुलगा आणि सूनबाई परत गेले. काकांनी गॉथिकचं नाव टाकलं, वाचनालयाचं तोंड बघणार नाही म्हणाले. वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. पण घरात काहीतरी अडलं होतं, आणि काय ते काकांच्या ध्यानात यायला दोन दिवस गेले. बाई त्यांच्या चुका काढत नव्हत्या.

आधी त्यांना बरं वाटलं. मग जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग धास्ती वाटायला लागली. त्यांनी परीक्षाच घ्यायची ठरवली. सकाळी म्हणाले, "मी उद्या फिरून आलो." बाई म्हणाल्या, "बरं." जेवताना म्हणाले, "भाजी छान झाला आहे." बाईंचा हात पेन्सिलीकडे गेला, पण तोंडातून आलं, "बरं." संध्याकाळी शर्टाची बटणं एक घर सोडून लावली आणि उभ्या घरात फिरून दाखवलं. बाईंनी मान फिरवली आणि मांडणीवरची भांडी उगाच पुन्हा लावायला घेतली. शेवटचा उपाय म्हणून काकांनी किराण्याची यादी लिहिली आणि तिच्यात 'साखर' शब्दाला जिथे जिथे देता येईल तिथे वेलांटी दिली. बाईंनी यादी वाचली, घडी केली आणि पिशवीत ठेवली. तांबडी पेन्सिल टेबलावर तशीच होती, टोक न झिजलेली.

काका बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. दादांच्या घरचं ते जेवण, ती खाली घातलेली मान, ते 'हो, येईल' त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. माणसाच्या चुका काढणं लोक कधी सोडतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ज्या पेन्सिलीपासून पळायला जागा शोधली, तिची एक रेघ आता कुणी मारली असती तर त्यांनी ती फ्रेम करून लावली असती. नळाचं पाणी वाया जातंय हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी तो बंद केला, खात्याची सवय.

बाई रोज दुपारी भाजी आणायला म्हणून बाहेर जाऊ लागल्या होत्या. भाजी काही यायची नाही. काका विचारायचे नाहीत. आपणही 'फिरायला' जात होतो, हे त्यांना आठवत होतं. अशात एके दिवशी त्यांना वाचायचा चष्मा सापडेना. शोधशोध शोधला आणि मग लक्षात आलं, तो वाचनालयाच्या टेबलावर राहिला असणार. झालं, आणखी एक विसरणं. कुणाला सांगण्यापेक्षा गपचूप जाऊन घेऊन यावा, म्हणून बाई भाजीला गेलेल्या बघून काका निघाले.

चष्मा टेबलावरच होता. म्हणजे टेबलाशी बसलेल्या बाईंच्या नाकावर होता. पाठ ताठ, पुढ्यात ते जाड पुस्तक, ओठ हलताहेत, आणि कानामागे तांबडी पेन्सिल.

"बाई! तू? आणि भाजी?"

बाई दचकल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना कॉपी करताना पकडलेल्या बाई पहिल्यांदाच स्वतः पकडल्या गेल्या होत्या. पण सावरायला त्यांना किती वेळ लागणार?

"त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही आकडे म्हणालात," त्या म्हणाल्या. "मी बोटांवर मोजत होते. नऊच झाले."

"नऊ?"

"दहा म्हणायला सांगितले होते. एक गाळलात. आता भाषा मला येत नाही, पण नऊ आणि दहा तर कळतं! कुठला गाळलात, डोक्यातून जाईना. म्हणून बघायला आले." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "सहा. सेख्स. पाचावरून उडी मारून एकदम सातावर गेलात. आणि पोराला फोनवर सुनुस म्हणालात ना? तेही चूक. हाक मारताना संबोधन लागतं. सुनु म्हणायचं."

काका उभेच होते. "म्हणजे चुकलं?"

"चुकलं म्हणजे काय! दोन्ही चूक."

काका खुर्ची ओढून धप्पकन बसले. गालावर काहीतरी ओघळलं ते त्यांनी मनगटाने पुसलं. ज्या भाषेत चूक काढायला एक माणूस जिवंत नव्हता, तिच्यात बाईंनी जाऊन दोन काढल्या होत्या. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"मग घरी का गप्प होतीस? मी 'उद्या फिरून आलो' म्हणालो, तरी तू बरं म्हणालीस."

"ऐकलं. जीव तुटत होता माझा. साखरेला तीन वेलांट्या दिल्यात, ती यादी घेऊन मी जिन्यात पाच मिनिटं उभी होते. पण डॉक्टर म्हणाले, त्यांना टोकू नका, मनावर ताण येतो."

"दादांना आम्ही असंच 'हो, येईल' म्हणालो होतो, बाई."

काकांनी मग सगळं सांगून टाकलं, औषधांचं दुकान, ती रांग, ती मोकळी खुंटी. "मला तुझं नाव आठवलं नव्हतं गं."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"पाकिटावर 'बाई' लिहिलेलं होतं. मी वाचते सगळं, माहीत नाही का तुम्हाला? दुकानदार आपल्या मनाने असं कशाला लिहील?" बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "तेव्हाच खोडून खाली नाव लिहून ठेवलं होतं मी. कपाटात समोरच आहे ते पाकीट. पुन्हा अडलात तर दिसावं म्हणून."

"आणि हे?" काकांनी पुस्तकाकडे बोट केलं. "गाळलेला आकडा तर पहिल्याच दिवशी सापडला असेल. मग रोज का येतेस?"

बाईंनी जरा वेळ पान नखाने सारखं केलं.

"अहो, उद्या तुम्ही खरंच काहीबाही बोलायला लागलात," त्या म्हणाल्या, "आणि सगळे म्हणाले, म्हातारा बडबडतोय, तर ती बडबड आहे की गॉथिक आहे, हे घरात एकाला तरी कळायला नको?"

काकांना बोलायचं होतं पण मराठीत काही जुळेना. मग त्यांनी महिनाभराच्या कमाईतून जे पहिलं हाताला लागलं ते काढलं. "इक कान थुक," ते म्हणाले.

मफलरवाल्यांनी टेबलामागून चमकून मान वर केली.

"मी तुला ओळखतो," बाईंनी हळूच अर्थ सांगितला. नाक ओढलं, पेन्सिल कानामागून काढली आणि पुन्हा कानामागे ठेवली. "आशय चांगला. उच्चाराकडे लक्ष द्यावे."

तेवढ्यात मफलरवाले लगबगीने आले आणि टेबलापाशी हात बांधून उभे राहिले. ते बाईंचे जुने विद्यार्थी. अजून बाईंसमोर बसायची त्यांची छाती होत नाही. "बाई, मंजुरी आली. पुस्तक सापडलं."

"कसं काय सापडलं?" काका म्हणाले.

"बाईंनी ते हरवल्याची तक्रार दिली ना. एकदा हरवलं म्हटल्यावर मग काय, सापडायला वेळ लागत नाही. आता घरी नेता येईल. पण बाई, तक्रार मी 'बाई' म्हणूनच लिहून घेतली होती. पुस्तक द्यायला पूर्ण नाव लागतं." त्यांनी नोंदवही उघडली, पेन झटकलं. "कुणाच्या नावावर लिहू?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांनी काकांकडे पाहिलं.

काकांनी नावाला हात घातला. तीच खुंटी, तशीच मोकळी. मफलरवाले पेन धरून उभे. बाईंनी सुचवलं नाही, खुणावलं नाही, हसल्याही नाहीत. उत्तर येत असलेल्या पण घाबरलेल्या पोरासमोर त्या जन्मभर जशा थांबत आल्या होत्या, तशाच आत्ता थांबल्या, जसा काही तास संपायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

आणि नाव आलं. काकांनी ते सांगितलं, पहिलं, मधलं, आडनाव, एकेक अक्षर सुटं सुटं.

मफलरवाल्यांनी लिहिलं. बाईंनी नोंदवही आपल्याकडे ओढली, कानामागची पेन्सिल काढली आणि स्वतःच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली. "शाळेतही हेच चुकायचास," त्या म्हणाल्या. मफलरवाल्यांनी मफलर नीट केला.

पुस्तक काखेत मारून दोघं बाहेर पडली. वाटेत ती केकची पाटी आली, तेव्हा बाई थांबल्या आणि पेन्सिल काढून दुकानात शिरल्या. काका फुटपाथवर पुस्तक सांभाळत उभे राहिले. आतून बाईंचा आवाज येत होता, 'मिळेल' नव्हे, 'मिळतील'. काकांनी एकदा ते नाव पुन्हा घेतलं, मोठ्याने, कुणी विचारलं नसताना.

"काय हो?" दारातून बाईंनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "बरोबर येतंय का बघत होतो."